नुसता ताकदवान खलनायक पुरत नाही

फँटसी गेममधला खलनायक लक्षात राहतो तो त्याचा आपल्याशी काही हिशेब असतो म्हणून. 'वॉरक्राफ्ट ३' (२००२) घ्या. स्ट्रॅथोम शहरात रोगट धान्य पोचलंय, ते खाल्लेली माणसं प्रेतसैनिक होणार. राजपुत्र आर्थस ठरवतो, त्याआधीच त्यांना मारायचं. त्या वेळी त्याला चालवत कोण असतं? आपणच! घरं फोडून नागरिक मारायचं काम आपल्याच माऊसवर होतं. म्हणून २००८ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये तोच लिच किंग, म्हणजे प्रेतसैनिकांचा राजा, होऊन समोर येतो, तेव्हा पाप थोडं आपलंही वाटतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्सच्या 'राजी'तला (२०२०) महाबलासुर भव्य आहे, पण माझ्या मते लांबच राहतो.

काही जण म्हणतील, दुःखद भूतकाळ चिकटवला की झालं. छे! खाडिलकरांच्या 'कीचकवधा'तला कीचक कणव मागत नाही, तरी १९०७ च्या प्रेक्षकांना त्यात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. दुसरा आक्षेप वजनदार आहे: ऑनलाइन गेममध्ये हजारो लोक तोच बॉस पुन्हा पुन्हा मारतात, मग कथेला किंमत काय? पण तो खेळ लुटीसाठी असतो, कथा आधीच घडून गेलेली असते. 'फायनल फँटसी १४'च्या 'शॅडोब्रिंगर्स'मध्ये (२०१९) खलनायक एमेट-सेल्क आधी आपल्यासोबत वावरतो, टोमणे मारतो, वाद घालतो. लढाई शेवटी येते. तेव्हा स्वतःची मोहीम लिहिणाऱ्यांनो, हेल्थ बार नंतर ठरवा. आधी खलनायकाचं नायकाशी देणंघेणं काय, ते लिहा.