पानाच्या कडेला लिहिलेलं हवामान

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे काळे खांब म्हणजे थिजलेला लाव्हा, वय सुमारे सहा कोटी वर्षं. पण मुंबईवर लाव्हा एका दमात ओतला गेला नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या उसंतीत तळी साचली, झाडं वाढली, आणि पुढच्या लाव्ह्यानं ते सगळं गाडलं. अशा गाळाच्या थरांतूनच वरळीचा बेडूक मिळाला (रिचर्ड ओवेननं १८४७ साली त्याचं वर्णन केलं) आणि जोगेश्वरीजवळच्या आंबोलीच्या खाणीतलं कासवही. मला मात्र त्या तळ्यांच्या काठच्या झाडांचं अधिक कुतूहल आहे, कारण हवा कशी होती हे झाडंच सांगतात.

पान दगडात उमटतं तेव्हा रंग, वास, चीक सगळं जातं. उरतो आकार आणि शिरांचं जाळं. ओळख पटवायची ती यावरूनच. उपशिरा थेट कडेच्या दात्यांत जाऊन संपतात, की अलीकडेच वळून वरच्या शिरेला मिळतात? जांभळाचं पान उजेडाकडे धरून पाहा. दाट, जवळजवळच्या उपशिरा दिसतील आणि कडेलगत त्या सगळ्यांना जोडत गेलेली एक बारीक शीर. जांभळाच्या कुळाची ही ठळक खूण दगडातल्या ठशातही सापडू शकते. मग तो ठसा आजच्या पानांशी ताडून पाहायचा. सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियमसारखे वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह त्यासाठीच मोलाचे.

नाव पटलं नाही तरी हवामान कळतं, हे मला या शास्त्रातलं सर्वांत विलक्षण वाटतं. बेली आणि सिनट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९१५ साली दाखवून दिलं की उष्ण प्रदेशात अखंड कडेची पानं जास्त, थंड प्रदेशात दंतुर कडेची. पुढे जॅक वुल्फनं पूर्व आशियातल्या जंगलांवरून याचं गणित बसवलं: शंभर जातींमागे अखंड कडेच्या साधारण तीन जाती वाढल्या की वार्षिक सरासरी तापमान एक अंशानं जास्त. मोजायच्या त्या फक्त द्विदल झाडाझुडपांच्या जाती. गवत, ताड-माड वगळून. या हिशेबानं २७ अंशांच्या आसपास सरासरी असलेल्या मुंबईत शंभरातल्या सुमारे ८५ जाती अखंड कडेच्या हव्यात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले वड, करंज, पळस, जांभूळ त्यातलेच. एखाद्या महाविद्यालयानं तिथली पूर्ण मोजणी करून हे ताडून पाहावं.

गणिताला मर्यादाही आहेत. ओढ्याकाठी दंतुर पानं जास्त असतात, आणि गाळात नेमकी तीच पडतात. मग हवा होती त्यापेक्षा थंड भासते. म्हणून वुल्फनं नंतर कडेसोबत पानाचा आकार, टोक, बूड अशी ३१ लक्षणं एकत्र मोजायला घेतली. ही पद्धत पुढे नेणारे रॉबर्ट स्पायसर मुंबईच्या गाळावरच्या २००५ सालच्या अभ्यासाचे सहलेखक होते. त्या अभ्यासाचा भर परागकणांवर आणि वनस्पतींच्या सूक्ष्म कणांवर होता. हा गाळ साचला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि लाव्ह्याचे उद्रेक अजून थांबले नव्हते. अशा काळात किनाऱ्यावरची झाडी कशी तगली, हा प्रश्न साऱ्या जगाच्या कुतूहलाचा आहे.

त्याचं उत्तर देणारे ठसे आपल्या पायाखालीच असू शकतात, कारण उपनगरांत रोज कुठे ना कुठे इमारतीचा पाया खणला जातो. लाव्ह्याच्या बेसॉल्ट दगडाखाली काळसर, पापुद्रे सुटणारा गाळाचा दगड लागला, तर काँक्रीट ओतण्याआधी जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला एक दिवस आत सोडावं. ही अट परवानगीच्या कागदातच घालायला हवी.