घरी बांधलेला रेडिओ: आठवण नेमकी कशाची काढायची?

आजच्या विषयासाठी आम्ही एक डबा बरोबर आणलाय. नंतर हे वाचणाऱ्यांसाठी त्याचं वर्णन करतो. अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं चेसिस, साधारण वहीएवढं. वर तीन व्हॉल्व्ह, एक जड ट्रान्सफॉर्मर, एक गँग कंडेन्सर आणि तांब्याच्या तारेची हाताने गुंडाळलेली कॉइल. समोर तीन नॉब, तिन्ही वेगवेगळ्या रेडिओंतून काढलेले. कंपनीचं नाव नाही, मॉडेल नंबर नाही. हा हौशी रेडिओवाल्याचा, म्हणजे हॅमचा, घरी बांधलेला ट्रान्समीटर आहे. आम्हाला तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर मिळाला, वजनावर. ते कसं झालं, ते शेवटी सांगू.

आधी प्रश्न असा, की लोक हे घरी का बांधत होते? आज आपण याला हौस म्हणतो. तेव्हा ती बरीचशी निकड होती. परदेशी तयार संच आणायचा तर आयात परवाना, जकात आणि परकीय चलन हे तिन्ही लागायचं. मध्यमवर्गीय माणसाला ते जमण्यासारखं नव्हतं. सरकारचं लायसन्स मिळायचं, व्हीयू अक्षरांनी सुरू होणारा कॉलसाइनही मिळायचा. पण त्या कॉलसाइनवर बोलायला यंत्र कुठून आणणार? म्हणून ते बांधायचं.

माल मिळायचा तो मुख्यतः डिस्पोजलचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर दोस्त सैन्यांची रेडिओ सामग्री इथंच विकली गेली आणि पुढं कित्येक वर्षं ती बाजारात फिरत राहिली. मुंबईत चोर बाजार आणि लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. अमेरिकन विमानांतला बीसी-३४८ रिसीव्हर मिळाला तर माणूस महिनाभर त्याच गोष्टी सांगायचा. ज्याला तो परवडत नसे, तो सुटे भाग घ्यायचा. कंडेन्सर कानाशी हलवून बघायचा, व्हॉल्व्हची फिलामेंट शाबूत आहे का ते मीटर लावून तपासायचा, आणि दुकानदाराला आपल्याला ती वस्तू फार हवी आहे हे कळू द्यायचं नाही. ही शेवटची विद्या सर्वांत अवघड.

आता यंत्राकडे येऊ. रिसीव्हरपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यांनी तिथूनच केली. एका व्हॉल्व्हचा रिजनरेटिव्ह रिसीव्हर. एरियलमधून आलेला सिग्नल अतिशय क्षीण असतो. व्हॉल्व्ह तो वाढवतो. मग वाढवलेल्या सिग्नलचा थोडा भाग एका छोट्या कॉइलमधून परत सुरुवातीला द्यायचा. तो पुन्हा वाढतो, पुन्हा परत येतो. अशी फेरी चालू राहिली की एकच व्हॉल्व्ह तीन-चार व्हॉल्व्हचं काम करतो. मात्र परतीचा भाग थोडा जास्त झाला की व्हॉल्व्ह स्वतःच कंप पावू लागतो आणि हेडफोनमध्ये शीळ येते. शीळ सुरू होण्याच्या अगदी काठावर रिसीव्हर सर्वांत तीक्ष्ण असतो. आवाजाचं प्रक्षेपण त्या काठाच्या अलीकडे ऐकायचं आणि मोर्स काठाच्या किंचित पलीकडे. तो काठ शोधायला बोटं तयार व्हावी लागतात. त्यात समोरचा पत्रा नीट अर्थ केलेला नसला तर हात जवळ नेला तरी स्टेशन सरकायचं. मग हात जिथे आहे तिथेच धरून बसायचं, चहा आला तरी.

ट्रान्समीटरला आणखी दोन गोष्टी लागायच्या. एक, फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवणारा क्वार्ट्झचा क्रिस्टल. दुसरी, ताकद देणारा व्हॉल्व्ह. क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी त्याच्या जाडीवर ठरते: जितका पातळ, तितकी जास्त. ७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल सुमारे पाव मिलिमीटर जाड असतो. लष्कराचे एफटी-२४३ जातीचे क्रिस्टल स्क्रू काढून उघडता यायचे. बाजारात मिळालेला क्रिस्टल आपल्या बँडच्या जरा खाली असला, तर काचेवर बारीक घासपूड आणि पाणी घेऊन तो बोटाने गोल गोल घासायचा. चार फेऱ्या, धुवायचा, तपासायचा. पुन्हा चार फेऱ्या. जास्त घासला गेला तर वर पेन्सिलीचं शिसं चोळून फ्रिक्वेन्सी किंचित खाली आणता यायची, पण फार नाही. आणि तडा गेला तर महिन्याभराचा हातखर्च गेला.

व्हॉल्व्हमध्ये सगळ्यांचा लाडका ८०७. डोक्यावर अॅनोडची टोपी, ६.३ व्होल्टची फिलामेंट. अॅनोडला ५००-६०० व्होल्ट दिले की मोर्सवर चाळीसेक वॅट सहज निघायचे. एरियलचा हिशेब सोपा: १४३ भागिले मेगाहर्ट्झ, म्हणजे ७ मेगाहर्ट्झला जवळपास २० मीटर तार, मधोमध कापून जोडलेली. चाळीच्या गच्चीवरून समोरच्या इमारतीपर्यंत. समोरच्या इमारतीतल्या काकूंना तयार करणं हाही अभ्यासक्रमाचाच भाग होता.

इथे थांबून एक हिशेब मांडावासा वाटतो. या विद्येची किंमत नुसती हौसेपुरती होती का? ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ची घोषणा झाली आणि नेते तुरुंगात गेले. २७ ऑगस्टला मुंबईतून काँग्रेस रेडिओ नावाचं गुप्त केंद्र बोलू लागलं. त्यात उषा मेहता होत्या, वय २२. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी लायसन्सं रद्द केलेली होती. उघडपणे ट्रान्समीटर विकत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तो सुट्या भागांतून जुळवावा लागला आणि जुळवणारे हात याच छंदात तयार झालेले होते. केंद्र पकडलं जाऊ नये म्हणून जागा बदलत राहिले. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, ती त्यांनी येरवड्यात काढली.

या केंद्राची तरंगलांबी ४२.३४ मीटर होती. ३०० ला ४२.३४ ने भागून बघा. साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ येतं. आजही आपण हॅम मंडळी रोज सकाळी गप्पा मारतो तो हाच पट्टा. म्हणजे जो ट्रान्समीटर आमच्यासारखे लोक हवापाण्याच्या गप्पांसाठी बांधायचे, त्याच जातीच्या यंत्रावर तेव्हा माणसं तुरुंगात जायला तयार झाली.

आता जरा उलटी बाजू. जुन्या दिवसांची आठवण काढताना आपण सोयीचं तेवढंच काढतो. ६०० व्होल्टचा पुरवठा बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो. ‘एक हात खिशात’ हा नियम आम्हाला आधी शिकवला गेला. तो पाळायचा का, हे एका झटक्यानंतर कळलं. दोन्ही हात यंत्रात असले की प्रवाह छातीतून जातो, इतकं साधं कारण. आमच्यातल्या एकाचा हात दोन दिवस बधिर होता आणि त्याने घरी सांगितलं की क्रिकेट खेळताना लागलं. शेजाऱ्यांच्या रेडिओत आमचा आवाज घुसायचा तो वेगळाच. कित्येक संच कधी चाललेच नाहीत. आणि हा छंद जवळजवळ पुरुषांचाच राहिला, हेही मान्य केलं पाहिजे. घरातली एकुलती एक जास्तीची खोली किंवा गॅलरी कुणाला मिळायची, याच्याशी त्याचा संबंध होता.

मग घरी बांधणं संपलं का? बदललं. आवाजासाठी एएमच्या जागी सिंगल साइडबँड आलं. त्याला निम्मी जागा पुरते, ताकद वाया जात नाही, पण क्रिस्टल फिल्टर आणि बॅलन्स्ड मॉड्युलेटर लागतात. ८०७ वाल्यांपैकी पुष्कळ जण तिथेच थांबले. पुढे आयात खुली झाली आणि तयार संच घेणं बांधण्यापेक्षा स्वस्त पडू लागलं. तरी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्स हा संच रचला. तो पूर्ण साइडबँड ट्रान्सीव्हर आहे आणि त्याची अट एकच होती: भाग आपल्या बाजारात मिळाले पाहिजेत. फेराइटची गोल कडी मिळत नसेल तर नळाच्या नायलॉन वॉशरवर कॉइल गुंडाळा, असं त्यात सांगितलेलं होतं. जगभरच्या हॅमनी तो बांधला. चोर बाजारात कंडेन्सर हलवून बघणारा माणूस आणि वॉशर हातात घेऊन विचार करणारा माणूस, दोघे एकाच घराण्यातले.

म्हणून आठवण काढायची ती व्हॉल्व्हच्या नारिंगी उजेडाची जरूर काढा, आम्हीही काढतो. पण गेलं काय, ते नीट ओळखू या. गेली ती एक सवय: बिघडलं तर उघडायचं, कारण आतला प्रत्येक डाख आपणच दिलेला आहे.

आता या डब्याची गोष्ट. कारखान्याच्या संचाला नाव असतं, किंमत असते, माहितीपुस्तिका असते. घरच्या संचाची माहिती फक्त बांधणाऱ्याच्या डोक्यात. तो माणूस गेला की घरच्यांना कपाटात दिसतं काय? पत्रे, तारा आणि शॉक बसेल अशी भीती. त्यांना दोष कसा देणार? लॉगबुकं रद्दीत जातात, डबा भंगारात. हा डबा कुणाचा, हे आम्ही पुष्कळ शोधलं. खाली चेसिसवर पेन्सिलीने फक्त तीन व्होल्टेजचे आकडे लिहिलेत. कॉलसाइनसुद्धा नाही. हा माणूस या यंत्रावरून कुणाकुणाशी बोलला असेल, ते आता कधीच कळणार नाही.

तेव्हा आजच्या व्याख्यानातून एवढं एकच घेऊन जा. तुमच्या घरी, ओळखीत, असा कुणी म्हातारा हॅम असेल तर या रविवारी त्याच्याकडे जा. जुना संच भिंतीतल्या प्लगला लावू नका, तेवढं त्यालाच ठरवू द्या. संचाचे आतून-बाहेरून फोटो काढा. सर्किट कागदावर काढून घ्या. कॉलसाइन, साल आणि कुठला भाग कुठून आणला हे लिहा, आणि तो कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. त्याला बोलतं करा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. दीड तास पुरतो. बहुधा चार तास लागतील, कारण क्रिस्टल घासण्यापाशी आला की तो थांबणार नाही.

आता हा डबा पुढे येऊन बघायला हरकत नाही. कंडेन्सर आम्ही रिकामे केले आहेत. तरीही, एक हात खिशात.