नवगावचा स्तंभ

वाचकहो, युरोपातील एखाद्या लहानशा गावात गेलात, तर चौकात किंवा जुन्या दफनभूमीच्या कडेला एक शिळा कधी कधी दिसते. 'या गावात ज्यू राहत होते', एवढाच तिचा आशय. ते कसे गेले हे तेथे विचारावे लागत नाही. 1933 ते 1945 या काळात नाझींनी साठ लाख ज्यूंचा संहार केला, त्याची ती शिळा साक्ष असते.

आपल्या महाराष्ट्रातही ज्यू समाजाचे असे एक स्मारक आहे, हे आपल्या भंडाऱ्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते. रायगड जिल्ह्यात अलिबागच्या उत्तरेस समुद्रकाठी नवगाव नावाचे खेडे आहे. तेथील जुन्या दफनभूमीत बेने इस्रायल समाजाने एक स्मारकस्तंभ उभारला आहे. पण या स्तंभाची गोष्ट युरोपातल्या शिळेच्या अगदी उलट आहे. तिथली शिळा शेवटाची खूण म्हणून उभी. इथला स्तंभ आरंभाची खूण म्हणून.

परंपरा अशी सांगते, की दोन हजार वर्षांपूर्वी एक गलबत या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेते गावकऱ्यांच्या साह्याने नवगावलाच पुरली. हे केव्हा घडले, याविषयी मतभेद आहेत. या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या ग्रंथात तो काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाचा धरला. शिलालेख किंवा ताम्रपट असा समकालीन पुरावा मात्र नाही. पण 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात पश्चिम आशियातील ज्यूंचा आणि भारतीयांचा, असा दोन्हीकडचा वारसा आढळला. म्हणजे दंतकथा अगदीच पोकळ नव्हती म्हणायची!

वाचलेल्या मंडळींचे ग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू भाषाही पुढे विसरली. मग उरले काय? 'शेमा' ही एक प्रार्थना, मुलांची सुंता, शनिवारचा विसावा आणि खाण्यापिण्याचे काही नियम. परंपरेप्रमाणे पुढे डेव्हिड राहाबी नावाचा एक ज्यू प्रवासी कोकणात आला. त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली. त्यांनी पर आणि खवले असलेली तेवढी निवडून घेतली, बाकीची बाजूला सारली. ज्यू धर्माचा नियम तोच आहे. आपल्या तळ्यातल्या माशांवरून सांगायचे, तर रोहू चालतो, मांगूर चालत नाही. ग्रंथ बुडाला, पण चुलीपाशी नियम टिकला, तो असा.

धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी यांचा घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. सोमवार पाळणारे ते 'सोमवार तेली'. भेद एवढाच, भांडण काही नाही. आडनावे गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर. घरात मराठी, बायकांच्या अंगावर लुगडे. नवस फेडायचा तर एलियाहू हन्नाबीच्या नावाने 'मलिदा' करायचा, म्हणजे पोहे, गूळ, खोबरे आणि फळे. बायबलातील कथांवर या लोकांनी मराठी कीर्तनेही केली!

पुढे ही मंडळी मुंबईला गेली. पलटणीत, रेल्वेत, गिरण्यांत, इस्पितळांत कामे करू लागली. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर 1796 साली झाले. मग रेवदंड्याला 1842 मध्ये, अलिबागला 1848 मध्ये, पनवेलला 1849 मध्ये आणि पेणला 1863 मध्ये अशी प्रार्थनामंदिरे उभी राहिली. अलिबागची सध्याची इमारत 1910 ची. ती ज्या वस्तीत आहे तिला इस्रायल आळी म्हणतात.

1948 साली इस्रायल राष्ट्र जन्माला आले आणि हळूहळू ही माणसे तिकडे निघाली. त्या सुमारास समाजाची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. आज भारतात सगळे ज्यू मिळून चार-पाच हजारच उरले आहेत. लक्षात घ्या, त्यांना येथून कोणी हाकलले नाही. गेले ते आपल्या ओढीने.

पण तिकडे काय झाले? त्यांच्या लग्नांचा प्रश्न निघाला. 1962 साली तेथील धर्मपीठाने असे फर्मावले, की बेने इस्रायलांशी लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. येथे शतकानुशतके घाणा थांबवून शनिवार पाळणाऱ्यांना तेथे 'तुम्ही खरे ज्यू कशावरून?' असे विचारले गेले. लोकांनी मोर्चे काढले, धरणे धरले. अखेर 1964 साली ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत असे मान्य झाले.

नवगावच्या दफनभूमीचे महत्त्व येथे कळते. ज्या समाजाजवळ जुनी कागदपत्रे नाहीत, त्याला आपण कोण हे सांगायला दोनच साक्षीदार असतात: जमीन आणि शेजारी. जमिनीवर आता स्तंभ आहे. शेजाऱ्याची साक्ष मात्र दगडात कोरता येत नाही. 'शनिवार तेली' हे नाव त्यांनी स्वतः घेतले नव्हते, ते शेजाऱ्यांनी दिले होते. आणि त्यांच्या वेगळेपणाचा तोच एक ठसठशीत दाखला ठरला. आज कोकणातली बहुतेक बेने इस्रायल घरे रिकामी झाली आहेत. त्यांच्याबरोबर वाढलेली वृद्ध पिढीही संपत चालली आहे. ती गेली, की आळीचे नाव उरेल आणि ते नाव का पडले, हे सांगणारा उरणार नाही.

एका बाबतीत मात्र साक्ष तिकडेच तयार झाली. इस्रायलात या लोकांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. आपल्याकडे 2016 साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला.

तेव्हा कधी अलिबागला जाणे झाले, तर किल्ला आणि समुद्र पाहून लगेच परतू नका. नवगावचा स्तंभ पाहा, इस्रायल आळीतून एक चक्कर मारा आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, 'आजोबा, इथं पूर्वी कोण राहत होतं?' ते जे सांगतील ते लिहून घ्या. आणि घरी आल्यावर हाच प्रश्न आपल्या गावच्या आळीतही विचारा. गेलेल्या माणसांची नावे वागवणाऱ्या आळ्या आपल्या भंडारा जिल्ह्यातही काही कमी नसतील.