गोळीची गोडी, पंपाची धास्ती

‘पंप नको, त्याची सवय लागते, गोळीच द्या.’ दमा आणि सीओपीडी (श्वासमार्गात अडथळा आणणारा फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार) यांच्या जुन्या रुग्णांचा हा हट्ट छातीच्या डॉक्टरांना पाठ असतो. पंपाच्या एका फवाऱ्यात स्टेरॉइड असते १००-२०० मायक्रोग्रॅम. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची १० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम, आणि ती रक्तातून अंगभर फिरते. औषधे वेगळी, त्यामुळे तुलना ढोबळ. पण धास्ती कशाची घ्यायची, एवढे तरी कळते.

गोळीची गोडी लागते यात नवल नाही. छाती मोकळी होते, भूक खवळते, गाल भरतात. घरचे म्हणतात, तब्येत सुधारली! डॉक्टरही एके काळी असेच हरखले होते. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले, १९५० मध्ये नोबेल मिळाले. दुष्परिणाम तोवर दिसू लागलेच होते.

सीओपीडी अचानक बळावला तर स्टेरॉइडची गोळी हवीच. पण ४० मिलिग्रॅम, पाच दिवस. चौदा दिवस घेऊन जास्तीचे काही पदरात पडत नाही, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्विस चाचणीने दाखवले. तीच जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून महिनोन्‌महिने गोळ्या आणल्या, की हिशेब उलटा फिरतो.

मधुमेह, मोतीबिंदू हे दुष्परिणाम बऱ्याच जणांना ठाऊक असतात. हाडांचे मात्र लक्षातच येत नाही. स्टेरॉइड नवे हाड घडवणाऱ्या पेशींनाच लगाम घालते. मणका इतका ठिसूळ होतो की पाण्याची बादली उचलताना, कधी नुसत्या खोकल्याच्या उबळीनेही तो दबतो. पाठीला पोक येते, बरगड्यांचा पिंजरा आखडतो, फुप्फुसाला फुलायला जागा उरत नाही. मांड्यांचे स्नायू झिजतात, तसे श्वासाचे स्नायूही दुबळे होऊ शकतात. म्हणजे दम लागतो म्हणून घेतलेल्या गोळीनेच दम वाढतो, आणि रुग्ण आणखी एक गोळी घेतो. आपल्याकडे त्यात क्षयाची भर: शरीरात दबून राहिलेले जंतू प्रतिकारशक्ती घटताच डोके वर काढतात.

हे वाचून कोणी आजच गोळ्या फेकून देईल, तर तेही जिवावर बेतेल. बाहेरून स्टेरॉइड आयते मिळू लागले, की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवणे थांबवतात. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ गोळ्या घेतल्या असतील, तर त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्या लागतात. एकदम बंद केल्यास उलट्या, गळून जाणे, रक्तदाब कोसळणे असे काहीही होऊ शकते. ग्रंथी पुन्हा कामाला लागायला कधी कधी कित्येक महिने लागतात, म्हणून या काळात शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना गोळ्यांबद्दल आधीच सांगावे.