नकाशामागची खूण

शंभर रुपयांची नोट उजेडाकडे धरून पाहण्याची सवय आपल्यापैकी बहुतेकांना आहे. नोटेच्या कोऱ्या भासणाऱ्या भागात महात्माजींची मुद्रा उमटते आणि नोट खाली घेताच ती पुन्हा कागदात विरून जाते. या खुणेला जलचिन्ह म्हणतात. आम्हा माळव्यातील मंडळींना तर हा विषय घरचाच म्हटला पाहिजे. कारण नोटा छापणारा एक कारखाना शेजारच्या देवासला आहे, आणि नोटांचा कागद करणारी गिरणी नर्मदाकाठच्या होशंगाबादला, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला, १९६८ सालापासून उभी आहे.

ही कला फार जुनी. इटलीतील फाब्रियानो या गावच्या कागदकारांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस, १२८२ च्या सुमारास, तिचा आरंभ केला असे मानतात. कागदाचा लगदा ज्या जाळीवर पसरावयाचा तिच्यावर तारेची एखादी आकृती शिवून टाकीत. तारेच्या जागी लगदा पातळ बसे आणि वाळलेल्या कागदातून तेवढ्याच ठिकाणी उजेड अधिक येई. पुढे इंग्लंडमधील केंट परगण्यातील व्हॉटमन यांच्या कागदाने या खुणेला प्रतिष्ठा मिळवून दिली. कंपनी सरकारच्या अमदानीत हिंदुस्थानी चित्रकारांनीही हा कागद वापरला, आणि जुन्या चित्रांचे जाणकार आजही चित्र उजेडाकडे धरून कागदातले नाव व साल वाचतात.

या खुणेचा थोरपणा असा की तिला शाई लागत नाही. ती कागदाच्या अंगात असते. वर कितीही बारीक लिहा, रेघा ओढा, तिचे आणि अक्षराचे भांडण होत नाही. हे येथे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, हल्ली संगणकावर काढलेल्या इमारतींच्या नकाशांमागे संस्थेचे बोधचिन्ह फिकट छापण्याची जी रीत पडली आहे, तिलाही लोक जलचिन्हच म्हणतात. नाव तेच राहिले, वस्तू मात्र निराळी. ही खूण शाईची असते, नकाशाच्या रेषांच्याच पातळीवर असते, आणि म्हणून रेषेशी तिची स्पर्धा लागते.

या स्पर्धेत काय होऊ शकते हे आमच्या शहरातील एका मराठी संस्थेच्या बांधकामात पाहावयास मिळाले. जुन्या वास्तूच्या मागे सभागृह व्हावे म्हणून सभासदांनी यथाशक्ति देणग्या दिल्या होत्या; काही वृद्ध भगिनींनी निवृत्तिवेतनातून पैसे बाजूस काढले होते. बांधकाम समितीवर असल्याने नकाशे माझ्याही डोळ्यांखालून गेले. संस्थेचे बोधचिन्ह म्हणजे वर्तुळात समई आणि तिच्याभोवती किरण. नकाशे तयार करणाऱ्या कार्यालयाने ते प्रत्येक पानामागे मोठे घालून दिले. संगणकाच्या पडद्यावर ते धुक्यासारखे फिकट दिसत होते. कागदावर मात्र चांगले ठसठशीत आले. सचिवमहाशयांना त्याचा आनंदच वाटला! मी आणि आणखी एका सदस्याने शंका काढली, पण बैठकीत ती मागे पडली. मग मोठ्या कागदावरील नकाशे जागेवर सोयीचे व्हावेत म्हणून लहान करून त्यांच्या झेरॉक्स प्रती काढल्या गेल्या.

जोत्याची चुन्याने आखणी झाल्यावर मिस्त्री प्रत हातात घेऊन विचारू लागला, "बाबूजी, ये तिरछी दीवार किधर जाएगी?" ती तिरकी भिंत म्हणजे समईचा किरण होता. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट. पण तिच्या निमित्ताने सर्व मापे मूळ नकाशाशी ताडून पाहिली, तेव्हा जिन्याची रुंदी आखणीत १८५० मिलिमीटर धरलेली आढळली. मूळ आकडा १३५० होता. इंग्रजी आकड्यांतील तिनाला किरणाची कड चिकटली आणि त्याचा आठ झाला. अर्ध्या मीटरचा फरक. कुदळ पडली असती तर तेवढा भाग सभागृहातून गेला असता, नाही तर खोदकाम आणि मजुरी वाया गेली असती. मिस्त्री चौकस निघाला हे संस्थेचे भाग्य.

असे का घडते ते समजून घेण्यासारखे आहे. ऑटोकॅड या प्रणालीत आकृतीला पारदर्शकता देता येते. परंतु छपाईच्या वेळी 'पारदर्शकतेसह छापा' अशी वेगळी खूण करावी लागते, आणि ती मुळात केलेली नसते. ती राहिली की पडद्यावरचे धुके कागदावर गडद होऊन उतरते. त्यापेक्षा बरा मार्ग म्हणजे बोधचिन्हाला एक स्वतंत्र रंग देऊन छपाईच्या शैलीच्या तक्त्यात त्या रंगाची शाई शंभरावरून पंधरा-वीस टक्क्यांवर आणणे. शिवाय चिन्ह छायाचित्रासारखे न घेता भरीव आकृती म्हणून रेखून घेतले तर ते कोणत्याही आकारात स्वच्छ उमटते. छायाचित्राची आणखी एक खोड अशी की ते नकाशाच्या फाइलमध्ये नसतेच, तिला केवळ बाहेरून जोडलेले असते. फाइल दुसऱ्या गावी पाठविली आणि चित्र पाठवावयाचे राहिले, की समईच्या जागी रिकामी चौकट आणि चित्राच्या फाइलचे नाव एवढेच दिसते.

चिन्ह ठेवावे कोठे? इमारत संगणकात खऱ्या मापाने काढलेली असते, आणि छापावयाचा कागद वेगळ्या मांडणीत, मिलिमीटरच्या हिशेबाने ठेवलेला असतो. चिन्ह या दुसऱ्या ठिकाणी, शीर्षकचौकटीच्या सामाईक फाइलमध्ये घालावे. म्हणजे नकाशा शंभरास एक प्रमाणाचा असो की पन्नासास एक, चिन्हाचा आकार बदलत नाही, आणि पुढे ते बदलावयाचे झाल्यास एका जागी बदलले की पुरते. कागदावरील वस्तू शेवटी छापण्याचा एक पर्याय छपाईच्या खिडकीत असतो, त्याला हात लावू नये. नाही तर मागे राहावयाचे चिन्ह इमारतीच्या छातीवर येऊन बसते.

इतके सर्व नीट केले तरी झेरॉक्सचा प्रश्न उरतोच. ए१ आकाराचा कागद ५९४ बाय ८४१ मिलिमीटरचा. ए३ त्याच्या बरोबर निम्म्या लांबीरुंदीचा. अडीच मिलिमीटर उंचीचा आकडा सव्वा मिलिमीटरचा होतो. त्यात साध्या यंत्राला करडा रंग मानवत नाही. ते त्याचे ठिपके तरी करते किंवा सरळ काळे तरी करते. म्हणून माझे मत असे की, जे नकाशे मिस्त्रीच्या हाती जावयाचे त्यांच्या पोटात चिन्ह नसावेच. ते उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, शीर्षकचौकटीत, तारीख आणि दुरुस्तीच्या क्रमांकाशेजारी लहानसे असावे. जे नकाशे ठेकेदारांकडून दर मागविण्यासाठी किंवा नुसत्या विचारविनिमयासाठी बाहेर जातात, त्यांच्या मधोमध मोठी खूण अवश्य घालावी. मात्र तेथे समईपेक्षा 'बांधकामासाठी नव्हे' ही अक्षरे अधिक उपयोगी. जुनी प्रत चुकून कामावर वापरली जाणे हा चोरीपेक्षा मोठा धोका आहे.

चोरीची भीती मात्र बैठकांतून फार बोलली जाते. आपला नकाशा कोणी उचलील म्हणून मागे चिन्ह हवे, असा आग्रह असतो. वस्तुतः १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने नकाशा व रेखाचित्र यांना कलाकृतींत गणले आहे. हा हक्क चिन्हावाचूनही असतो, आणि त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. उलट मूळ फाइल ज्याच्या हाती आहे त्याला चिन्ह पुसून टाकण्यास एक क्षण पुरतो. तेव्हा फाइल जपून द्यावी, छापील प्रत खुशाल द्यावी. हक्क कोणाचा, संस्थेचा की वास्तुशिल्पज्ञाचा, हे काम सोपवितानाच लेखी ठरवून घ्यावे. चिन्ह छापल्याने तो प्रश्न सुटत नाही.

एका उत्साही सभासदाने तर मागे अशोकस्तंभाचे सिंह घालावेत, म्हणजे नकाशाला वजन येईल, असे सुचविले होते. राजमुद्रेचा असा वापर २००५ च्या कायद्याने निषिद्ध आहे, एवढे सांगितल्यावर ते गृहस्थ शांत झाले.

आपल्या गावोगावच्या मंडळांची, वाचनालयांची, देवस्थानांची बांधकामे चालू असतातच. नकाशांचा संच छापावयास देण्यापूर्वी एकच पान छापून घ्यावे, त्याची निम्म्या आकाराची झेरॉक्स काढावी आणि ज्याने तो नकाशा पूर्वी पाहिलेला नाही अशा माणसाला उन्हात उभे करून त्यातील सर्व आकडे मोठ्याने वाचावयास सांगावे. तो वाचीत असता समितीतील एकाने मूळ प्रत समोर धरावी. एखाद्या आकड्यापाशी तो अडखळला, की तेथील चिन्ह काढून टाकावे.