निवडीचा निकष : मर्सिडीज सी-क्लास, बीएमडब्ल्यू थ्री सीरिज आणि सक्करदऱ्याचा रस्ता

प्रस्तावना

1991 च्या आर्थिक उदारीकरणानंतर भारतीय ग्राहकाच्या उपभोगाचे स्वरूप पालटले, हे विधान आता इतके परिचित झाले आहे की त्यामागील प्रत्यक्ष व्यवहाराकडे सहसा लक्ष जात नाही. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या बदलाचे सर्वांत ठळक उदाहरण ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे घडले. तेथील उद्योजक व व्यावसायिकांच्या एका गटाने एकाच दिवशी 150 मर्सिडीज-बेंझ गाड्या खरेदी केल्या. सुमारे 65 कोटी रुपयांच्या या व्यवहाराची देशभर चर्चा झाली. चर्चा अर्थातच संख्येची आणि शहराच्या पतीची होती. यांपैकी कोणाला कोणती गाडी का योग्य होती, हा प्रश्न त्या गदारोळात बाजूला पडला.

प्रस्तुत लेखाचा विषय तोच बाजूला पडलेला प्रश्न होय. विचारासाठी ग्राहक मात्र दुसरा घेतला आहे : नागपूरच्या सक्करदरा भागात राहणारा, तेथेच दवाखाना वा पेढी असणारा, साठ लाखांच्या आसपासची गाडी घेण्याची ऐपत कष्टाने कमावलेला आणि मर्सिडीज सी-क्लास व बीएमडब्ल्यू थ्री सीरिज यांपैकी एकीची निवड करणारा. दहा-बारा वर्षांच्या बचतीचा हा प्रश्न आहे. तो केवळ बोधचिन्हावर सोडणे योग्य नव्हे.

दोन परंपरा

बीएमडब्ल्यूची थ्री सीरिज 1975 मध्ये अवतरली. आटोपशीर बांधा, मागील चाकांना शक्ती आणि चालकाच्या हाताला लगेच प्रतिसाद देणारे स्टिअरिंग ही तिची ओळख. मर्सिडीजने या वर्गात 1982 मध्ये 190 ही गाडी आणली व 1993 मध्ये तिची जागा सी-क्लासने घेतली. या परंपरेचा भर शांतता, स्थैर्य आणि प्रवाशाचा आराम यांवर राहिला.

वरकरणी दोन्ही गाड्यांची मांडणी सारखीच आहे. इंजिन पुढे, लांबीच्या दिशेने बसविलेले; शक्ती मागील चाकांना. गाडी वेग घेते तेव्हा भार मागे सरकतो, म्हणून मागील चाकांची पकड वाढते. पुढील चाकांना केवळ वळविण्याचे काम उरते. वळणावर गाडी 'हाताशी' राहते असे चालक म्हणतो, त्याचे कारण हे आहे. याच वर्गातील ऑडी ए-फोर संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यात जुळविली जात असे. तिची मांडणी मुळात पुढील चाकांना शक्ती देणारी असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही.

या दोन परंपरांतून आपल्याकडे एक समजूत रूढ झाली : स्वतः चालवायची असेल तर बीएमडब्ल्यू, मागे बसायचे असेल तर मर्सिडीज. सक्करदऱ्यातील ग्राहकही बहुधा हीच समजूत घेऊन शोरूममध्ये शिरतो.

समजुतीचा उलटलेला अर्थ

जानेवारी 2021 मध्ये बीएमडब्ल्यूने थ्री सीरिजची लांबविलेली आवृत्ती भारतात आणली. मूळ गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढील व मागील चाकांच्या आसांमधील अंतर, 2851 मिलिमीटर. लांबविलेल्या गाडीचा 2961. मे 2022 मध्ये भारतात आलेल्या व पुण्याजवळील चाकण येथे जुळविल्या जाणाऱ्या सी-क्लासचा व्हीलबेस 2865 आहे. म्हणजे लांबविलेली बीएमडब्ल्यू सी-क्लासपेक्षा जवळजवळ दहा सेंटिमीटरने अधिक लांबट बैठकीची झाली आणि ही वाढ मुख्यतः मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांच्या वाट्याला आली. मूळ बांध्याची बीएमडब्ल्यू हवी असल्यास सहा सिलिंडरच्या, बऱ्याच महाग एम-340-आयकडे वळावे लागते.

येथे जुनी समजूत उलटते. 'चालविणाऱ्याची' म्हणून ख्यात असलेली गाडी मागील आसनावर अधिक ऐसपैस आहे आणि 'बसणाऱ्याची' गाडी तुलनेने आखूड आहे. वृद्ध आईवडिलांना मागे बसवून उमरेडला किंवा वर्ध्याला नेणाऱ्या कुटुंबाने नावलौकिकावर विसंबून सी-क्लास घेतली, तर त्याला जे हवे होते नेमके तेच कमी मिळण्याचा संभव आहे. इंजिनाच्या बाबतीतही पेट्रोलवरील सी-200 ची शक्ती 204 अश्वशक्ती, तर 330-एलआयची 258 आहे. मात्र सक्करदरा चौकातील वाहतुकीत हा फरक कोणाच्या लक्षात येईल, हे सांगणे कठीण!

गतिरोधक आणि गल्ली

लांब गाडी गतिरोधकावर पोट घासते, अशी एक भीती विक्रेत्यांसमोर वारंवार व्यक्त होते. ती तपासून पाहण्यासारखी आहे. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद व 10 सेंटिमीटर उंच असावा. त्याच्या वक्रतेची त्रिज्या 17 मीटर असते. दोन्ही चाके अशा वक्रावर असताना गाडीच्या मध्याखाली वक्र किती वर येतो, हे साध्या भूमितीने काढता येते : व्हीलबेसचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. सी-क्लाससाठी हे अंतर सुमारे 6.0 सेंटिमीटर, लांबविलेल्या बीएमडब्ल्यूसाठी 6.4. फरक अर्ध्या सेंटिमीटरहूनही कमी आहे.

घासण्याचे खरे कारण वेगळे आहे. वस्तीतील अनेक गतिरोधक मानकानुसार नसतात. ते अरुंद आणि उभे असतात. असा उंचवटा गाडीच्या दोन्ही चाकांमध्ये संपूर्ण मावतो. तेव्हा व्हीलबेसचा प्रश्नच उरत नाही. उंचवट्याची उंची आणि भरलेल्या गाडीचे जमिनीपासूनचे अंतर एवढेच महत्त्वाचे ठरते. चौघे बसले व डिकीत सामान ठेवले की हे अंतर घटते. माहितीपत्रकातील आकड्यावर म्हणूनच भिस्त ठेवू नये.

व्हीलबेस नडतो तो गल्लीत. चाके सारख्याच कोनात वळविली, तर वळणाची त्रिज्या व्हीलबेसच्या प्रमाणात वाढते; येथे ती सुमारे तीन टक्क्यांनी वाढेल. बुधवारी बाजार भरलेला असताना, दोन्ही बाजूंनी भाजीचे ठेले लागलेले असताना आणि घर आतल्या रस्त्यावर असताना हे तीन टक्के रोज जाणवतात.

इंधन आणि कर

सी-क्लासचा डिझेल पर्याय अनेकांना आकर्षित करतो. परंतु एप्रिल 2020 पासून लागू असलेल्या भारत स्टेज-6 मानकांमुळे डिझेल गाडीत काजळी अडविणारी गाळणी असते. साचलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी काही काळ सलग, स्थिर वेगाने चालावी लागते. सक्करदऱ्याहून मेडिकल चौकापर्यंत रोज जाऊन येणाऱ्या डॉक्टरच्या गाडीला ही संधी मिळत नाही. गाळणी तुंबते व खर्च उद्भवतो. महिन्यातून दोन-तीनदा समृद्धी महामार्गाने दूरचा प्रवास करणाऱ्याचे गणित मात्र निराळे. जून 2025 मध्ये 701 किलोमीटरचा हा मार्ग पूर्ण खुला झाल्यापासून नागपूरकराच्या डिझेलविषयक हिशेबाला नवा अर्थ आला आहे.

कराच्या बाबतीत एक जुना सल्ला आता कालबाह्य झाला आहे. सी-200 चे इंजिन 1500 सीसीच्या आत असल्याने तिच्यावर वस्तू व सेवा कर आणि उपकर मिळून 45 टक्के, तर दोन लिटरच्या बीएमडब्ल्यूवर 48 टक्के आकारणी होत असे. 22 सप्टेंबर 2025 पासून दोहोंवर सरसकट 40 टक्के कर आहे. लहान इंजिनाचा तो लाभ उरलेला नाही.

राज्याच्या मोटार वाहन कराकडे मात्र खरेदीदार उशिरा पाहतात. महाराष्ट्रात वीस लाखांवरील पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावे 13 टक्के, डिझेलला 15 टक्के आणि कंपनीच्या नावे 20 टक्के कर लागतो. साठ लाखांच्या पेट्रोल गाडीवर हा फरक 7.8 लाख विरुद्ध 12 लाख असा पडतो. व्यवसायाच्या हिशेबात वार्षिक 15 टक्के घसारा मिळतो म्हणून गाडी कंपनीच्या नावे घ्यावी, असे सुचविणाऱ्याने हे 4.2 लाख आधी वजा करून दाखवावेत. पगारदार प्राध्यापकाला घसाऱ्याची सवलत नाहीच, त्यामुळे त्याच्यापुरता हा वाद संपतो.

स्वतः गाडी चालविणारा, आतल्या गल्लीत राहणारा आणि मागे क्वचितच कोणाला बसविणारा ग्राहक सी-क्लासकडे झुकला तर ते सयुक्तिक आहे. चालक ठेवणाऱ्याने किंवा मोठ्या कुटुंबाने लांबविलेली बीएमडब्ल्यू आधी पाहावी. दोघांनीही चाचणी-फेरी शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नये. घरातील चौघांना बसवून, सक्करदरा तलावाच्या बाजूने उमरेड मार्गाला लागून, मे महिन्याच्या दुपारी वातानुकूलन चालू ठेवून ती घ्यावी आणि परतताना गाडी स्वतःच्या फाटकातून आत घालून पाहावी.