हक्काच्या घासावरून मागे घेतलेला हात

कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात, सूरह अल-बकरात, रोज्यांची आज्ञा १८३व्या आयतीपासून सुरू होते आणि १८७व्या आयतीत तिचे नियम पूर्ण होतात. पहाट उजाडल्यापासून सूर्यास्तापर्यंत खाणे, पिणे आणि शरीरसंबंध वर्ज्य. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. लगेच पुढची १८८वी आयत मात्र रमजानच्या चर्चेत क्वचितच येते. एकमेकांची मालमत्ता अन्यायाने गिळू नका, लोकांचा पैसा लाटण्यासाठी सत्ताधाऱ्यांपर्यंत लाच पोहोचवू नका, असे ती बजावते. माझ्या मते रमजानचा आध्यात्मिक अर्थ या शेजारात दडलेला आहे. रोजेदार दिवसा जे सोडतो ते पाप नसते. घरची भाकरी, माठातले पाणी, लग्नाचा जोडीदार या त्याच्या हक्काच्या, हलाल गोष्टी असतात. हक्काच्या वस्तूवरून महिनाभर हात आवरता आला, तर दुसऱ्याच्या वस्तूकडे तो वळू नये, अशी ही तालीम आहे. आयतींच्या क्रमावर इतका भार टाकू नये, असे कोणी म्हणेल. पण आधार केवळ क्रमाचा नाही. जो खोटे बोलणे आणि खोटे वागणे सोडत नाही, त्याच्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही, या आशयाची हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, बुखारींच्या संग्रहात आहे.

देहाला पिडणे हा हेतू असता, तर नियम वेगळे झाले असते. हिजरी सन २ मध्ये, इसवी सनाच्या ६२४ साली, मदिनेत रोजे बंधनकारक झाले. त्या आज्ञेतच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट आहे आणि ज्यांना रोजा झेपत नाही त्यांच्यासाठी गरिबाला जेवू घालण्याची तरतूद आहे. तुम्हाला सुलभता मिळावी, कष्ट नव्हे, असे कारणही तिथे दिले आहे. पहाटेची सेहरी टाळू नये, सूर्य मावळताच रोजा सोडायला, इफ्तारला, उशीर करू नये आणि रात्र-दिवस सलग उपास ओढू नये, अशी पैगंबरांची शिकवण आहे. एका प्रवासात कडक उन्हाने रोजेदार गळून पडले. ज्यांनी रोजा धरला नव्हता त्यांनी तंबू ठोकले, जनावरांना पाणी पाजले. आजचे सारे पुण्य यांनी नेले, असा निवाडा पैगंबरांनी दिला. दुसरी घटना मदिनेतली. दिवसा पत्नीशी संबंध येऊन एकाचा रोजा मोडला. प्रायश्चित्त म्हणून गुलाम मुक्त करणे, सलग दोन महिने रोजे किंवा साठ गरिबांना जेवण, यांतले काहीच त्याला जमेना. तेवढ्यात कोणीतरी खजुरांची टोपली आणली. ती गरिबांत वाटायला त्याला दिली, तेव्हा गावात आपल्याहून गरीब कोणी नाही, असे तो म्हणाला. पैगंबर हसले आणि घरच्यांनाच खाऊ घाल, म्हणाले. ज्या धर्मात अपराधाचे प्रायश्चित्त शेवटी अपराध्याच्याच उपाशी मुलाबाळांच्या तोंडी जाते, त्याला भुकेचा धर्म म्हणता येणार नाही.

रोज्याचे दुसरे वैशिष्ट्य त्याच्या अदृश्यतेत आहे. नमाज दिसते, हज दिसते, जकात घेणाऱ्याला तरी कळते. रोजा कोणालाच दिसत नाही. नमाजआधी वजू करताना, म्हणजे हात-तोंड धुताना, चूळ भरतात. त्यातला एक घोट गिळला तर जगात कोणाला समजणार? विसरून खाल्ले तर रोजा मोडत नाही, जाणूनबुजून खाल्ले तर मोडतो. म्हणजे सगळा व्यवहार निय्यतीवर, मनातल्या हेतूवर, माणूस आणि अल्लाह यांच्यातच उरतो. म्हणूनच मोरोक्कोच्या दंडसंहितेचे २२२वे कलम मला रमजानच्या मुळावर येणारे वाटते. रमजानात उघडपणे रोजा मोडणाऱ्या मुसलमानाला ते तुरुंगात पाठवू शकते. सार्वजनिक शिष्टाचारासाठी असा कायदा हवा, हे समर्थन मी समजू शकते; पण शिपायाच्या धाकाने सोडलेल्या घासात निय्यत कुठली?

उलट बाजूचा दबावही झाला आहे. ट्युनिशियाचे अध्यक्ष हबीब बुर्गिबा यांनी १९६०मध्ये, मागासलेपणाविरुद्धची लढाई हाही जिहादच आहे, तेव्हा उत्पादनासाठी रोजे सोडा, असे आवाहन केले. रोज्यांमुळे उत्पादन घटते, हा त्यामागचा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही; रमजानच्या फिरतीमुळे तो तपासताही येतो. आपल्याकडे अधिक महिना धरून श्रावण पावसाळ्यातच ठेवला जातो. इस्लामी कालगणनेने असा वाढीव महिना नाकारला. त्यामुळे रमजान दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. कधी थंडीतला आखूड दिवस, कधी उन्हाळ्यातला लांबलचक. याच फिरतीचा उपयोग करून कँपान्ते आणि यानागिझावा-ड्रॉट या अर्थतज्ज्ञांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रोज्याचे तास वाढतात तेव्हा मुस्लिम देशांतली आर्थिक वाढ मंदावते, असे त्यांना आढळले. म्हणजे बुर्गिबांची काळजी निराधार नव्हती. पण त्याच वेळी लोक स्वतःला अधिक समाधानी सांगतात, हेही त्यांना दिसले. उत्पन्न हा माणसाच्या भल्याचा एकमेव मापदंड असता, तर ही दोन निरीक्षणे एकत्र नांदली नसती.

सर्वांत टोकदार आक्षेप वेगळाच आहे: दिवसभर उपास आणि रात्री मेजवानी, यात संयम कुठे? तो बाहेरच्यांनी प्रथम घेतला असे नाही. इसवी सन ११११मध्ये निधन पावलेल्या इमाम गझालींनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये हेच विचारले आहे. दिवसाचे राहिलेले सगळे रात्री भरून काढले, एरवी महिनोन्‌महिने न खाल्लेले पदार्थ रमजानसाठी साठवले, तर वासना कशी नमणार? त्यांनी रोज्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: पोटाचा, डोळे, कान, जीभ आणि हातापायांचा, आणि मनाचा. मग पोटाची पायरी वगळून थेट मनाकडेच का जाऊ नये? कारण मनाने स्वतःला फसवणे सोपे असते. भूक खोटी सांगता येत नाही. तिसऱ्या प्रहरी ती उठते तेव्हा आपला संकल्प किती टिकाऊ आहे, ते आपले आपल्यालाच कळते.

आणि महिना संपतो तो देण्याने. ईदच्या आधी फितरा, म्हणजे गरिबांसाठीचा धान्याचा वाटा, द्यावा लागतो, घरातल्या लहान मुलांचाही. हनफी परंपरेतली कुटुंबे माणशी सुमारे पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत काढतात. शाफई परंपरेतले कोकणी मुसलमान आपल्या रोजच्या धान्याचे, तांदळाचे, अडीच ते तीन किलो मोजतात. ईदच्या नमाजआधी गरिबाच्या हाती पडला तरच तो फितरा. नंतर दिला तर ते नेहमीसारखे दान, असे हदीस सांगते.